नॉर्वेत एकटीने पक्षी बघायला जावं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. जूनमध्ये नॉर्वेत पफिन, म्हणजे ते रंगीत चोचीचे समुद्रपक्षी, कुठे दिसतील, कॅमेऱ्याला कोणती लेन्स न्यावी, आणि नवऱ्याला पक्ष्यांत रस नसताना ५४व्या वर्षी बाईने एकटीने एवढ्या लांब जावं का, कारण घरच्यांना ते बरं दिसत नाही. पहिल्या दोन्हींची उत्तरं देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी.

जावं. बरं दिसत नसलं तरी जावं.

माझी लेक ऑस्लोला असते. तिने आणि जावयांनी जूनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं, आणि आम्ही पोचायच्या आतच फ्लॉमची रेल्वे, गायरांगरची बोट, दरीकाठचं हॉटेल असं सगळं ठरवून ठेवलं. प्रेमानेच ठरवलं होतं. मी पहिल्याच रात्री जेवताना सांगितलं की तुम्ही तिघं फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या त्या समुद्राच्या खाड्या, बघून या, मी वार्डोला जाते. वार्डो जावयांनाही नकाशात शोधावं लागलं. नॉर्वेच्या ईशान्येच्या टोकाला, ७० अंश अक्षांशाच्याही वर, बॅरेंट्स समुद्रातल्या बेटावरचं गाव. इतकं पूर्वेला की इस्तंबूल त्याच्या पश्चिमेला पडतं. आमचे हे म्हणाले, "जा की." भिगवणला पक्षी बघायला जातो तेव्हाही ते होडीत बसत नाहीत, काठावर पेपर वाचतात, आणि आमच्यात त्यावरून आजवर वाद झालेला नाही.

वाद झाला तो अक्काशी. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते. लेकीने तिला सहज फोनवर सांगितलं आणि पाच मिनिटांत अक्काचा मला फोन. "लेकीच्या घरी गेलीस की त्यांच्या कलानं घ्यावं. जावयानं एवढा खर्च केलाय आणि तू नवऱ्याला सोडून एकटी पाखरं बघत हिंडणार? पाखरं काय इथं नाहीत?" मी म्हटलं, अक्का, तिकीट माझ्या पेन्शनमधून काढलंय. त्यावर तिने फोन ठेवला.

ऑस्लोहून किर्केनेसपर्यंत विमान, आणि तिथून किनाऱ्याने जाणारं जहाज. हे जहाज दुपारी सुटतं आणि वारांगर फ्योर्डाच्या तोंडाशी येऊन संध्याकाळच्या आत वार्डोला लागतं. या प्रवासाला कुणी सोबत लागते असं म्हणणाऱ्याने तो केलेला नाही. जहाजावर निम्म्या बायका माझ्या वयाच्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच एकट्या. वार्डोतल्या घरांच्या खिडक्यांवर, गोदामांच्या कठड्यांवर किटिवेकनी, म्हणजे लहान समुद्री कुरवांनी, घरटी केलेली. गावभर त्यांचाच ओरडा. माझ्या खोलीच्या खिडकीखालीही दोन घरटी होती.

दुसऱ्या दिवशी हॉर्नोया. बंदरातून लहान होडी सुटते आणि दहाएक मिनिटांत बेटावर सोडते. किनारा यायच्या आधी वास येतो. मग पाण्यावर पक्षी दिसायला लागतात, होडीच्या दोन्ही अंगांनी, आणि मान वर केली की आभाळातही तेच. बेटावर एक पायवाट आहे, दोर बांधून आखलेली. तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि टाकायची गरजही पडत नाही, कारण पक्षी वाटेला लागूनच आहेत. शॅगची, म्हणजे तिथल्या पाणकावळ्याची, मादी घरट्यावर बसलेली, पन्ना हिरव्या डोळ्यांची, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. ती माझ्याकडे बघत राहिली आणि उठली नाही. पफिन वरच्या गवतात, बिळांच्या तोंडाशी उभे. लोक पफिनसाठी येतात आणि पफिनचे फोटो काढून पुढच्या होडीने परत जातात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या बेटावर खरं बघण्यासारखं आहे ते गिलेमॉट या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचं बिऱ्हाड.

गिलेमॉट घरटं बांधत नाही. उघड्या कातळावर, वीतभर रुंदीच्या कंगोऱ्यावर एकच अंडं घालते, एका टोकाला निमुळतं. शेजारणीला खेटून, एसटी स्टँडावर शेवटच्या गाडीला उभं राहावं तशी दाटी. प्रत्येकीच्या अंड्याचा रंग आणि त्यावरची नक्षी निराळी, आणि एवढ्या गर्दीत ज्याचं त्याला आपलं अंडं ओळखता येतं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसताना कड्यावरून खाली उडी टाकतं, आणि खाली समुद्रात बाप त्याला घेऊन दूर जातो. पुढचे काही आठवडे सांभाळतो तो बापच. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण कड्याखाली उभं राहून, टोपडं डोक्यावर ओढून (ओढावंच लागतं, वरून सतत पडत असतं), एकाच कंगोऱ्याकडे तासभर बघत राहिल्यावर मला त्यातली जोडपी ओळखू यायला लागली. एकीच्या डोळ्याभोवती पांढरी चष्म्यासारखी रेघ होती, तसा एक प्रकारच असतो. तिचा जोडीदार मासा घेऊन आला, दोघांनी माना एकमेकींत घातल्या, आणि त्यांनी जागा बदलली. बाजूलाच ब्रूनिकचा गिलेमॉट, चोचीच्या मुळाशी पांढरी रेघ असलेला. तो दक्षिणेकडे बघायला मिळत नाही. मिळवायचा तर असंच उत्तरेच्या टोकाला यावं लागतं.

मग गरुड आला. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. तो दिसायच्या आधी कडा रिकामा झाला. हजारो पक्षी एकदम सुटले, आणि पंखांचा जो आवाज झाला तो कानांनी नाही, छातीत ऐकू आला. काही अंडी कडेवरून खाली गेली. मोठे कुरव टपूनच बसलेले असतात, त्यांनी ती उचलली. गरुड एक चक्कर मारून रिकाम्या पायांनी गेला, आणि पाच मिनिटांत सगळे आपापल्या वीतभर जागेवर परत. माझ्याशेजारी एक जर्मन बाई उभी होती. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने माझा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही.

फ्योर्डच्या बोटीत मी हे सगळं घालवून बसले असते, हे मला अक्काला सांगायचं आहे. गायरांगर सुंदर आहे, लेकीने फोटो दाखवले. पण दुसऱ्याच्या आवडीचं सुंदर बघायला माझं निवृत्तीनंतरचं एकेक वर्ष मी का द्यावं?

वार्डोत आणखी एक जागा आहे, ती चुकवू नका. स्टाइलनेसेट. सतराव्या शतकात फिनमार्क या नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या प्रांतात चेटूक केल्याच्या आरोपाखाली ९१ माणसांना मारलं, त्यांचं स्मारक. वास्तुरचनाकार पीटर झुम्टोर आणि शिल्पकार लुईझ बुर्जुआ यांनी केलेलं, २०११ सालचं. लांबच लांब काळोखी बोळ, प्रत्येकासाठी एक लहान खिडकी आणि एक दिवा, शेजारी कापडावर त्या माणसाचा खटला. बहुतेक बायका. वादळ उठवलं, होड्या बुडवल्या असे आरोप. मी एकेक नाव वाचत शेवटपर्यंत गेले. बाहेर आले तर समोर समुद्र, आणि त्यावर पक्षी.

नंतर मी बसने फ्योर्डाच्या आतल्या अंगाला नेसेबीला गेले. पांढरं लाकडी चर्च, १८५८ सालचं. १९४४ च्या शरदात माघार घेताना जर्मन सैन्याने फिनमार्क जाळलं, त्यातून वाचलेल्या थोड्या इमारतींपैकी एक. चर्चजवळच्या डबक्यावर लाल मानेचे फॅलरोप हे लहान पाणपक्षी होते, पाण्यावर गरगर गिरक्या घेत खालचे किडे वर आणणारे. यांच्यात मादी रंगीत आणि नर फिका. अंडी घालून झाली की मादी निघून जाते, उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडे. स्कँडिनेव्हियातले हे पक्षी हिवाळा काढायला आपल्या अरबी समुद्रात येतात, किनाऱ्यापासून आत. सगळा हिवाळा लाटांवर.

आणि तिथेच, रात्री बारा वाजता, ऊन असताना, खुरट्या बर्चच्या शेंड्यावर ब्लूथ्रोट गात होता. हा पक्षी मी भिगवणला कित्येक हिवाळे बघितलाय. पाणकणसांच्या बुडाशी, चिखलात, शेपटी झटकून आत पळणारा, मुका. निळा गळा नीट दिसला तर नशीब. इथे तो उघड्यावर, गळा फुगवून, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढत, न थांबता गात होता. नॉर्वेतल्या काही ब्लूथ्रोटांवर बारीक नोंदयंत्रं बसवून पाहिलं तेव्हा ते हिवाळ्यात भारतीय उपखंडाकडे येतात हे कळलं. म्हणजे अक्का म्हणते ते बरोबरच, पाखरं इथेही आहेत. पण त्याचं गाणं ऐकायचं तर त्याच्या घरी जावं लागतं. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग जावयांना काय सांगितलंस?" जावयांना काही सांगावं लागलं नाही. मी परत आल्यावर त्यांनी स्वतःहून नकाशा उघडून विचारलं की पुढच्या वर्षी आपण गाडीने जाऊ का.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. लेन्स: हॉर्नोयावर २०० मिमी पुरते, १०० ते ४०० चा झूम असेल तर कुठेच अडत नाही. ६०० चं ओझं नेऊ नका. दुर्बीण ८ बाय ४२ ची न्या, आणि पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. घरट्यातल्या पक्ष्याच्या तोंडासमोर लेन्स धरणारे लोक मी भिगवणलाही पाहिलेत, तिथेही पाहिले, आणि त्यांच्यामुळे पक्षी बघणाऱ्यांचं नाव खराब होतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार तर करूच नका.

कपडे: जूनमध्येही पाच ते दहा अंश, आणि वारा हाडात शिरतो. लोकरीचं आतून, पाऊसकोट बाहेरून, टोपडं हवंच. बायोटोप म्हणून वास्तुरचनाकारांची संस्था आहे, तिने त्या भागात पक्षी बघणाऱ्यांसाठी लाकडी वारा-आडोसे बांधलेत, त्यांत बसून डबा खाता येतो. शाकाहारी असाल तर डबा स्वतःचा ठेवा. मी भाजके पोहे आणि मेतकूट नेलं होतं आणि खोलीतल्या स्वयंपाकघरात भात लावत होते. वार्डोत राहायच्या जागा मोजक्या आहेत, आधी बुक करा. वारा चढला की हॉर्नोयाची होडी सुटत नाही, म्हणून एक दिवस हातचा राखा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. बस कमी आहेत, रविवारी तर फारच. गाडी चालवत असाल तर किर्केनेसहून भाड्याने घ्या. वार्डो बेटावर असलं तरी १९८२ पासून समुद्राखालून बोगदा आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. गुडघे दुखत असतील तर हॉर्नोयाची वाट ओली आणि घसरडी आहे, काठी न्या. २०२३ च्या उन्हाळ्यात याच फ्योर्डावरच्या वाडसो गावाच्या आसपास हजारो किटिवेक बर्ड फ्लूने मेले. तिथल्या ताज्या सूचना वाचून जा आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. खर्च भरपूर आहे, एवढ्या पैशांत कच्छ आणि आसाम दोन्ही होतात. पण खर्चाचा हिशेब तुम्ही करा, बाकीच्यांनी नको.

आणि तुमच्या यजमानांना फ्योर्ड बघायचा असेल, आणि तुम्हालाही मनापासून सोबत हवी असेल, तर ओलेसुंडजवळ रुंदे नावाचं बेट आहे. तिथेही पफिन आहेत, संध्याकाळी समुद्रावरून बिळांकडे परततात, आणि गायरांगरहून ते फार लांब नाही. दोघांचंही होईल. फक्त जुलै संपायच्या आत जा, कारण ऑगस्टमध्ये पफिन समुद्रावर निघून जातात. पण सोबत हवी म्हणून जा, लोक काय म्हणतील म्हणून नको. आणि एकटीने वार्डो ठरलंच तर जूनचा दुसरा आठवडा धरा.