वाया जाणारी धग आणि गरम पाणी

प्रश्न : भूम तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. दोन वेळचं मिळून २००० लिटर दूध बल्क कूलरमध्ये थंड होतं. कॅन आणि टाकी धुवायला लाकडावर पाणी तापवतो आणि शेजारीच कूलरच्या कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) पंखा गरम झळा फेकत असतो. त्या उष्णतेवर पाणी तापेल का?

उत्तर : तापेल, आणि लाकूड बहुतेक सुटेल. २००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणताना सुमारे ७० युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते. त्यात कॉम्प्रेसरची वीज मिळवली की कंडेन्सरमधून रोज ९० ते ९५ युनिट उष्णता बाहेर पडते. पण सगळी सारख्या कामाची नसते. दुधाची उष्णता वाहून नेणारा कूलरमधला गॅस कॉम्प्रेसरमधून ७५ ते ९० अंशांवर निघतो आणि कंडेन्सरमध्ये ४०-५० अंशांवर त्याचा द्रव होतो. जास्त तापमानाचा वाटा फक्त १५ ते २० टक्के असतो. म्हणजे १५ युनिट धरा. तेवढ्यात २५ अंशांचं सव्वाचारशे लिटर पाणी ५५ अंशांपर्यंत जातं. तुमच्या आकाराच्या केंद्राला बहुधा एवढं पुरतं. तेव्हा सगळी उष्णता पकडणारी महागडी यंत्रणा विकायला कुणी आलं, तर आधी रोज किती गरम पाणी वापरता ते मोजा.

कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या नळीत प्लेटचा हीट एक्स्चेंजर (गॅसची उष्णता पत्र्यांमधून पाण्याला देणारं उपकरण) बसवायचा. कंडेन्सर काढायचा नाही, तो मागे राहतोच. गॅस वरून आत, खालून बाहेर आणि पाणी उलट दिशेनं. गॅस खालून सोडला तर कॉम्प्रेसरचं तेल प्लेटांमध्ये साचतं, परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जॅम होतो. दुधाची भांडी याच पाण्यानं धुणार, म्हणून दुहेरी भिंतीचा एक्स्चेंजर मागा. गळती झाली तर गॅस पाण्यात न जाता बाहेर निघतो. पंप छोटा पुरे, पण गॅसची नळी पाण्यापेक्षा ७-८ अंशांनी गरम असेल तेव्हाच तो चालेल असा थर्मोस्टॅट लावा. नाहीतर कॉम्प्रेसर बंद असताना टाकीतलं गरम पाणी उलटं थंड होत बसतं. टाकी ५०० लिटरची, त्यावर निदान ५० मिलिमीटर इन्सुलेशन.

‘मोठा एक्स्चेंजर म्हणजे जास्त गरम पाणी’ हा समज महागात पडतो. थंड पाण्यामुळे गॅसचा द्रव तिथेच होऊन साठतो, पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हला (कूलरमध्ये द्रव सोडणाऱ्या झडपेला) कमी पडतो आणि दूध उशिरा थंड होतं. मग मेकॅनिक गॅस भरत राहतो.

धुण्याचा क्रमही सांभाळा. पहिलं पाणी ३५-४० अंशांचंच घ्या. कडकडीत गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं पत्र्याला चिकटतात. नंतरच्या डिटर्जंटच्या पाण्याला ७० अंश लागले, तर १०० लिटर ५५ वरून ७० वर न्यायला पावणेदोन युनिट वीज पुरते.

प्रश्न : परभणीतल्या आमच्या वसतिगृहावर ट्यूबवाला सोलर हीटर आहे. पाणी बोअरचं. दोन वर्षांतच कोमट पाणी येऊ लागलं. ट्यूब बदलाव्यात का?

उत्तर : ट्यूबची काच आतून पांढुरकी झाली असेल तर तो क्षाराचा थर आहे, आधी तो काढून बघा. पाणी जितकं तापतं तितका थर जास्त बसतो, ६० अंशांपुढे तर झपाट्यानं. तुमच्याकडे खरं नुकसान सुट्टीत होत असणार. दिवाळीत आणि मे महिन्यात पाणी वापरलं जात नाही, टाकी ऊन खात उकळीला येते. सुट्टी लागली की ट्यूबवर ताडपत्री टाकायची, एवढंच.

सफाईसाठी ५ टक्के सायट्रिक ॲसिडचं द्रावण काही तास ट्यूबमध्ये ठेवा, मग स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवा. फरशीचं ॲसिड वापरू नका, स्टेनलेस स्टीलच्या टाकीला त्यानं बारीक भोकं पडतात. पाणी भरणं सूर्य उगवायच्या आत उरका. रिकामी तापलेली ट्यूब थंड पाण्यानं तडकते. पुढच्या वेळी मात्र बोअरचं पाणी थेट तापवू नका, बंद फेरीतलं मऊ (क्षार नसलेलं) पाणी ट्यूबमध्ये तापून कॉइलमधून, म्हणजे गुंडाळलेल्या नळीतून, वापरायच्या पाण्याला उष्णता देतं अशी यंत्रणा घ्या.

प्रश्न : युरोपात शहरभर गरम पाण्याचे पाइप फिरवून घरं उबदार ठेवतात. वाळूजच्या कारखान्यांची उष्णता अशी वापरता येईल?

उत्तर : घरांसाठी नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन तृतीयांश घरं अशा जाळ्यावर आहेत. ओडेन्स शहरात डेटा सेंटरची उष्णता वापरतात, सिल्केबोर्गला दीड लाख चौरस मीटरहून जास्त सौर पॅनेल पाणी तापवतात. पण तिथं वर्षातले बरेच महिने शेकोटीची गरज असते. आपले पाइप दहा-अकरा महिने रिकामे पडतील. बारमाही गरम पाणी लागणारा शेजारचा कारखाना मिळाला तर गोष्ट वेगळी.

आपल्याला हवा गारवा. ८५-९० अंशांच्या पाण्यावर लिथियम ब्रोमाइडचा चिलर (विजेऐवजी मुख्यतः उष्णतेवर गारवा करणारं यंत्र) चालतो: १०० युनिट उष्णतेत साधारण ७० युनिट गारवा. अडचण पाण्याची. त्या १०० युनिटांमागे कूलिंग टॉवरमधून अंदाजे २५० लिटर पाणी वाफ होऊन जातं. हवेवर थंड होणाऱ्या विजेच्या चिलरला ते लागत नाही. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या कारखान्यानं हा हिशेब आधी मांडावा.