मामांनी लहानपणी जोडलेलं जुनं कार मॉडेल पुन्हा नीट करता येईल का?

तुम्ही विचारलंय: साठच्या दशकातली अमेरिकन गाडी, प्लास्टिकचं किट, मामांनी लहानपणी जोडलेलं. ग्लूचे ओघळ आहेत, छताचा पांढरा रंग गुलाबट झालाय, एक चाक टायरला चिकटून वितळल्यासारखं दिसतंय आणि पुढचा बंपर गायब आहे. थिनरने रंग काढून परत रंगवू का?

करता येईल. पण थिनरची बाटली आधी लांब ठेवा. मी पहिली जुनी बॉडी लॅकर थिनरनेच पुसली होती. रंग निघाला, सोबत दारांच्या फटींच्या रेषा आणि मागच्या मडगार्डवरची उठावाची अक्षरंही गेली. ही किटं पॉलिस्टायरीनची असतात. लॅकर थिनर आणि ॲसिटोन त्या प्लास्टिकलाच विरघळवतात. ती बॉडी अजून माझ्याकडे आहे, नवे रंग तिच्यावर तपासतो. जुन्या मॉडेलचं सगळ्यात मोठं नुकसान पन्नास-साठ वर्षांत होत नाही, आपण पहिल्या संध्याकाळी उत्साहात करतो ते.

त्या पहिल्या संध्याकाळी एकच काम करा, टायर काढा. जुने टायर मऊ पीव्हीसीचे. ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टेकेल त्याला खातं. तुमचं चाक उष्णतेने नाही, याने वितळलंय. कधीच न उघडलेल्या खोक्यातसुद्धा टायर काचेच्या भागावर पडून राहिला तर काचेवर नक्षीचा ठसा उमटलेला सापडतो. टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा. परत बसवताना रिम आणि टायर यांच्यामध्ये नळाच्या जोडांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप किंवा पातळ फॉइल घाला.

मग कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. हसू नका. खराब वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी नुसती धूळ आणि तेलकटपणा असतो. धुतल्यावर गाडी दोन दिवस समोर ठेवून बघा. मामांनी ब्रशने मारलेला रंग तुम्हाला ठेवायचाय की नाही, हे तेव्हाच ठरेल. मी असतो तर कदाचित फक्त चाक आणि बंपर दुरुस्त करून थांबलो असतो. पण गाडी तुमची.

पूर्ण उघडायचीच असेल तर एक लक्षात घ्या. ट्यूबमधला जुना ग्लू प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणजे तो चिकटवलेला नाही, वेल्ड केलेला जोड आहे. तरी मुलांनी ग्लू भरपूर फासलेला असतो आणि खरा जोड थोड्याच जागी झालेला असतो. मॉडेल पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने ग्लू ठिसूळ होतो. बाहेर काढल्या काढल्या बोथट पात्याने कडेकडेने हलकं पिळत जा. ‘कट्’ असा आवाज आला की जोड सुटला. नाही सुटला तर जोर लावू नका, बारीक दातांच्या करवतीने कापा. पुढच्या काचेच्या बाजूचे खांब सगळ्यात आधी मोडतात, तिथे बोट ठेवून आधार द्या.

रंग काढायला मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, नव्वद टक्क्यांच्या वरचं. ॲक्रिलिक रंग त्यात सुटतो. जुना इनॅमल हट्टी असतो. त्याला ब्रेक ऑइल, नाहीतर कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. काहीही वापरा, आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंब टाकून तपासा. काचेचे पारदर्शक भाग या आंघोळीत कधीच घालू नका. ते धुरकट होतात किंवा त्यांना बारीक चिरा पडतात, आणि मग हात चोळत बसायची वेळ येते.

क्रोमचं प्रकरण वेगळं. तो खरा क्रोम नसतोच. प्लास्टिकवर लॅकरचा थर आणि त्यावर निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, एवढंच. घरगुती ब्लीचमध्ये तो बघता बघता नाहीसा होतो, ओव्हन क्लीनरमध्येही. म्हणून चांगला क्रोम असलेले भाग बाजूला काढून ठेवा, त्यांना फक्त साबणपाणी. ब्लीच वापरलंच तर दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघू शकतो.

आता तुमचं गुलाबी छत. गाडीचं मूळ प्लास्टिक लाल आहे ना? लाल प्लास्टिकमधला रंग वर येतो आणि पांढऱ्यात मिसळतो. वर कितीही पांढरे हात मारा, काही दिवसांनी पुन्हा लाजल्यासारखं गुलाबी. उपाय सोपा आहे: प्रायमरनंतर चंदेरी रंगाचा एक पातळ हात, मग पांढरा. चंदेरीतले धातूचे कण लाल रंगाला वर येऊ देत नाहीत.

ग्लूच्या ओघळांनी पडलेले खड्डे पुटीने भरताना घाई नको. पुटी सुकताना आकसते, पातळ थर देत जा. त्याच गाडीच्या स्प्रूचे, म्हणजे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याचे, तुकडे पातळ ग्लूमध्ये विरघळवून केलेला लगदा मोडलेल्या खांबासाठी उत्तम. मात्र तो आठवडे आकसत राहतो. लगेच घासून रंगवलंत तर महिन्याभरात तिथे दबलेली रेघ दिसेल.

या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं काम रंगाआधीचं आहे. मडगार्डवरच्या उठावाच्या अक्षरांवर बेअर मेटल फॉइल, म्हणजे चिकट पाठीची अतिपातळ धातूची फॉइल, लाकडी काडीने घासून बसवायची आणि कडेने नव्या पात्याने कापायची. त्यावरून बॉडी रंगवायची. रंग पक्का झाला की फक्त अक्षरांच्या माथ्यावरचा रंग बारीक पॉलिश पेपरने घासायचा. खालची फॉइल उघडी पडते आणि गाडीचं नाव चमकतं. ब्रशने हे कधीच इतकं रेखीव येत नाही. इनॅमल पक्का झाला का, हे नाक सांगतं: बॉडीला वास येतोय तोवर हात लावू नका, मग दोन आठवडे का लागेनात.

राहिला बंपर. इथे थोडा इतिहास कामाचा आहे. एएमटीसारख्या अमेरिकन कंपन्या गाडी विक्रेत्यांसाठी ‘प्रोमो’ नावाची तयार मॉडेलं बनवायच्या. त्याच साच्यांवरून १९५८ पासून एएमटीने ‘थ्री इन वन’ किटं काढली: एकाच खोक्यातून मूळ, कस्टम किंवा रेसिंग, हवी तशी गाडी जोडा. खरी गाडी दरवर्षी बदलायची, तसं किटही. पण नवा साचा महाग, म्हणून अनेकदा जुन्याच साच्यावर बदल करायचे. त्यामुळे काही वर्षांच्या गाड्यांचे मूळ साचे आज उरलेच नाहीत आणि ती किटं जशीच्या तशी पुन्हा निघणं शक्य नाही. एएमटी आणि एमपीसी (तशीच दुसरी किट कंपनी) ही नावं आता राउंड टू कंपनीकडे आहेत आणि ती जुनी किटं पुन्हा काढते. तुमची गाडी त्यात असेल तर एक नवं किट घेऊन बंपर काढून घ्या. नसेल तर दुसरं मोडकं मॉडेल शोधा, किंवा कुणाकडून बंपर उसना घेऊन सिलिकॉनचा साचा करा आणि रेझिन ओता. शोधताना माप बघा. जुनी अमेरिकन किटं बहुधा १/२५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाची, मोनोग्राम आणि टामिया या कंपन्यांची बरीच १/२४. साडेचार मीटरची गाडी एकात १८ सेंटीमीटर होते, दुसऱ्यात पावणेएकोणीस. स्टिअरिंग किंवा सीट खपून जाते, बंपर खपत नाही.

एक शक्यता तपासा. गाडी खालून स्क्रूने जोडलेली असेल आणि आत इंजिनच नसेल, तर ते किट नसून प्रोमो असू शकेल. १९५० च्या दशकातले बरेच प्रोमो सेल्युलोज ॲसिटेटचे होते. ते काळाने वाकतात, बोनेट फुगतं, छत बसतं, आणि वर लिहिलेलं बरंचसं त्यांना लागू नाही. तशा गाडीला साबणपाण्यापलीकडे काही लावू नका.

चॅसिसच्या खालच्या बाजूला बहुतेक वेळा कंपनीचं नाव उठावात असतं. त्याचा आणि त्या वितळलेल्या चाकाचा फोटो टाका, मग बंपर कुठल्या किटातून मिळेल ते सांगता येईल. तोवर टायर तेवढे काढाच.