ग्लास विसळला, मग ताटं का नाही?

प्रश्न : ताई, आम्ही साताऱ्यात राहतो. खालच्या मजल्यावर अलिबागकडच्या एक बेने इस्राएल (म्हणजे कोकणातल्या ज्यू) आजी आल्यात, मुलाची बदली झाली म्हणून. मागच्या शनिवारी संध्याकाळी पाचला गेले तर जेवणाची ताटं सिंकमध्ये तशीच, मी म्हटलं घासून देते तर नको म्हणाल्या, चांदण्या दिसल्या की बघू. पण मला मनुकांचं सरबत द्यायला ग्लास मात्र स्वतः विसळला! रविवारी आमच्याबरोबर कासला यायचं होतं तरी बॅगेला हात लावला नाही. शब्बाथला (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र) काम नको हे कळतं, पण ग्लास चालतो आणि ताट नाही, हे कसं?

उत्तर : आजींचं अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही नेमका ग्लासच पकडलात याचा मला फार आनंद झाला. शब्बाथला मना केलेली कामं 39 आहेत, त्यात भांडी घासणं येतच नाही (स्पंज मात्र नको, तो पिळला जातो आणि पिळणं मना आहे). अडचण वेगळी आहे, तिला हिब्रूत हाखाना म्हणतात, म्हणजे तयारी. शब्बाथला जे करायचं ते शब्बाथसाठीच, त्या दिवशी बसून पुढच्या दिवसाची कामं उरकायची नाहीत. शब्बाथची जेवणं तीन, सकाळच्या जेवणाची ताटं दुपारी परत लागणार असतील तर खुशाल धुवा, पण तिसरं जेवण झालं की त्या ताटाचं शब्बाथचं काम संपलं, आता धुतलं तर ते रविवारसाठीच. पाणी, सरबत प्यायला मात्र ठरलेली वेळ नसते, तहान कधीही लागते, पाहुणा कधीही येतो, म्हणून पेले दिवसभर धुता येतात. हे शुल्हान आरूखमध्ये, म्हणजे 1565 साली छापलेल्या योसेफ कारो यांच्या नियमग्रंथात, स्पष्ट लिहिलंय.

बॅगेचंही तेच. अंथरुणाचा नियम तर मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहातला, म्हणजे सुमारे इ.स. 200 चा : शुक्रवारी रात्री शब्बाथसाठी अंथरूण घालावं, शब्बाथला त्यानंतरच्या रात्रीसाठी घालू नये. झोपायला काहीच हरकत नाही, फक्त "रात्री काम आहे म्हणून आत्ता झोपते" असं तोंडाने म्हणायचं नाही, मला हे फार आवडतं, इतकं बारीक बघितलंय. उरलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवलेली चालते कारण नाहीतर ती खराब होईल. आणि सिंकमध्ये मुंग्या झाल्या, वास सुटला तर त्रास शब्बाथलाच होतोय, मग गोष्ट वेगळी.

कोकणात बेने इस्राएल लोकांना शनवार तेली म्हणायचे ते उगाच नाही, तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणजे बंद.

पुढच्या शनिवारी तीन चांदण्या दिसल्यावर, म्हणजे शब्बाथ संपल्यावर खाली जा, हावदालाची (शब्बाथला निरोप द्यायच्या विधीची) मेणबत्ती विझू दे, मग भांडी मागा घासायला. तेव्हा आजी नाही म्हणणार नाहीत बहुतेक.