आधी बाबांचं कपाट उघड

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "काका, बाबांचा फ्लॅट विकायचाय, आधी रंग देऊ की एजंट गाठू?" दोन्ही थांबव. आधी बाबांचं लोखंडी कपाट उघड.

बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला सौद्याचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा पत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा दाखला), मिळकतकराच्या पावत्या, एवढे कागद काढ. यातलं शेअर सर्टिफिकेट हमखास सापडत नाही. अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून सांगतो. एकाच्या घरी ते गणपतीच्या आरासेच्या खोक्यात निघालं, तेही कसरीने खाल्लेलं. आणखी एक. बाबांचं कर्ज फिटून जमाना झाला, पण सोसायटीच्या दप्तरी बँकेचा बोजा, म्हणजे घर तारण असल्याची नोंद, अजून लिहिलेला असू शकतो. बँकेचं 'कर्ज फिटल्याचं' पत्र शोध आणि बोजा उतरवून घे. विकत घेणाराही कर्जच काढणार आहे. त्याची बँक हे सगळं मागेल.

नॉमिनी म्हणून तुझं नाव आहे, त्यावर विसंबू नकोस. नॉमिनी म्हणजे राखणदार, मालकी वारसांची. आईबाबा दोघंही गेले, म्हणजे तू आणि दादा. दादा अमेरिकेत असला तरी त्याच्या सहीवाचून पुढे सरकता येणार नाही. त्याने तिथून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार, पाठवलं, तर ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. त्याच्या हिश्श्यावरचा टीडीएसही (घेणारा किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर) वेगळा, बराच जास्त. तुझ्यासारख्या इथल्या माणसाकडून 50 लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणारा 1 टक्का कापतो. अनिवासी विकणाऱ्याचं गणित निराळं, आणि ते ऐन वेळी कळलं की गिऱ्हाईक बिचकतं. एखादा चांगला सीए आत्ताच गाठ.

आता घराचं. मोठा खर्च करू नकोस. किचनच्या ट्रॉल्या बदलू नकोस. येणारा त्या काढूनच टाकणार. माळा रिकामा कर, बाल्कनीतली कबुतरांची घाण खरवडून काढ, गळके नळ बदल. आणि बेडरूमच्या भिंतीला बाथरूमची ओल येते, ती मला ठाऊक आहे. ती झाकू नकोस.

मी झाकली होती. आईचा फ्लॅट विकताना पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर दोन हात रंग. घर नवंकोरं दिसत होतं. बघायला एक जोडपं आलं, सोबत मुलाची आई. पोरं हॉलमध्ये पंखे मोजत होती. त्या बाई सरळ आत गेल्या आणि भिंतीवर पंजा टेकवून उभ्या राहिल्या. चांगला अर्धा मिनिट. मग पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "चला." किमतीचं बोलणंसुद्धा झालं नाही. पुढे प्लंबर बोलावला, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी भांडलो, त्यांच्या बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. तोवर दिवाळी उलटून गेली. तू पितृपक्षातच ते काम काढ. तसंही त्या पंधरवड्यात टोकन, म्हणजे बयाणा, द्यायला कोणी येत नाही. बिल जपून ठेव आणि विचारणाऱ्याला दाखव.

एजंटबद्दल. एजंट वाईट नसतो, पण त्याला सौदा व्हायला हवा असतो; तुला दोन लाख जास्त मिळाले तर त्याच्या दलालीत पडतात दोन-चार हजार. म्हणून तो चहा पिताना सहज विचारील, "मॅडम, शेवटचं किती धरू?" मी तो आकडा सांगून बसलो होतो. पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक बोलायला सुरुवातच त्या आकड्यापासून करायचं. तू फक्त मागणीचा भाव सांग. तो ठरवायला रजिस्ट्रेशन झालेले आसपासचे सौदे बघ. एजंटने तोंडी सांगितलेले भाव मोजायचे नाहीत. क्षेत्रफळ कार्पेट सांग, म्हणजे भिंतींच्या आतलं. जुन्या करारात बिल्टअप, भिंती धरून, लिहिलेलं असतं आणि तिथूनच वाद लागतात.

दलाली साधारण 1 ते 2 टक्के. किती आणि कधी द्यायची हे लिहून घे; माझ्या मते टोकनच्या दिवशी छदामही देऊ नये, रजिस्ट्रेशन झालं की द्यावी. एजंटला महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचार. जुन्या फ्लॅटच्या विक्रीला रेरा कायदा सगळाच लागतो असं नाही, पण त्या माणसाने निदान परीक्षा तरी दिलेली असते.

कोणी म्हणेल, थोडी रक्कम रोख घ्या. नाही म्हण. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेतलीस तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुला. सोसायटीत नवी कमिटी हस्तांतराच्या अधिमूल्याच्या, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायच्या शुल्काच्या, वर 'देणगी' मागेल. अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 आहे. हसतमुखाने सरकारी परिपत्रक दाखव. ऐकलं नाही तर मला फोन लाव, त्या कमिटीतले दोघे माझ्या हाताखालून गेलेत.

घर दाखवायची वेळ दुपारी चारची ठेव. तेव्हा हॉलमध्ये ऊन येतं आणि शाळा सुटायची असते, गल्ली शांत असते.

किल्ली एजंटला देऊ नकोस. एक जोड माझ्याकडे आहेच. तू ऑफिसात असलीस तर मी दार उघडीन, पाणी देईन, ओलीच्या कामाचं बिल दाखवीन. भाव विचारला तर म्हणेन, मला कमी ऐकू येतं.

तुझा,
काका