आधी पांधण शोध, मग डोंगा

भाऊ, गोंदिया-भंडाऱ्याचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव, पायवाटेनं अन् पाण्यानं जोडायचे म्हणतोस, मोठं मोलाचं काम आहे. पण मोबाईलवर रेघा ओढत बसू नको. भूमी अभिलेखातून गावनकाशे काढ. त्यावर जोड तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. पांधणींचं, म्हणजे शेतवाटांचं, निम्मं जाळं तिथंच सापडते. अडवलेली वाट खुली करायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. तरी तहसीलच्या आधी शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बस. एका गावात मी नाही बसलो, तर रोवणीत, म्हणजे भातलावणीत, वाटेवरच धान लागला होता.

पाण्याचा मार्ग मे महिन्यात पाहा. पावसाळ्यात तलावाच्या पाळीला टेकणारं पाणी तेव्हा लांब गेलेलं असते, मधे घोटाभर गाळ. डोंगा, म्हणजे छोटी होडी, लावायची जागा त्या काठावरून ठरव. जाळी कुठं असतात हे मासेमारी करणाऱ्या धिवरांनाच विचार, तलावावर त्यांचं पोट आहे. अन् पावसाळ्यात सारस धानाच्या बांध्यांत घरटं करतो; तेवढे महिने तिथली वाट बंदच ठेव.

सुरुवातीला दोनच तलाव जोड.