नवीन सीएनसी शॉप टाकताय, तर कचऱ्याचं आधी बघा

अभिनंदन! दोन सीएनसी मशीनचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या) शॉप म्हणजे कचरा असून असून किती असणार असं वाटतं, मलाही वाटायचं, आणि पहिल्या वर्षी आमच्याकडे चिप (धातू कापताना निघणारा कीस), तेलकट कॉटन वेस्ट (पुसायच्या चिंध्या), चहाचे कप सगळं एकाच ड्रममध्ये जायचं. भंगारवाल्याने चिपचा भाव पाडला तेव्हा डोळे उघडले.

सुरुवातीला एवढंच करा:

- ॲल्युमिनियम, एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड), पितळ यांच्या चिप वेगळ्या ठेवा. मिक्स झाल्या की भाव गेलाच. त्यांना लागलेलं कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण) निथळू द्या, जाळीचा ट्रे पुरतो.
- वापरलेलं तेल आणि तेलकट चिंध्या घातक कचऱ्यात येतात, २०१६ चे नियम आहेत. झाकणाचे ड्रम, लेबल, वर छप्पर, आणि ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही. प्रदूषण मंडळाची परवानगी कामाआधीच घ्या, आणि तेल फक्त अधिकृत रिसायकलरलाच द्या.
- कूलंट गटारात ओतू नका, कुणीही सांगितलं तरी नाही!

बाकी कूलंट लवकर सडतं त्याचं कारण बहुतेक वेळा मशीनच्या सरकत्या भागांचं (स्लाइडचं) तेल वर तरंगतं आणि सुट्टीत मशीन बंद असली की त्याखाली बॅक्टेरिया वाढतात, म्हणून रोज सकाळी तवंग काढायचा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून मिश्रण किती दाट ते दाखवणारं छोटं उपकरण) कॉन्सन्ट्रेशन बघायचं. मी तर ऑपरेटरलाच वही दिलीय. टाकायला लागणारं कूलंट यानेच सगळ्यात जास्त कमी होतं.

फॉर्म चार (घातक कचऱ्याचा वार्षिक हिशोब), मॅनिफेस्ट (कचरा पाठवतानाचा कागद) वगैरे नंतर सांगतो, आधी ड्रम वेगळे करा आणि फोटो टाका.