वाचक विचारतात : नकाशाच्या डेटाची नवी मांडणी

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅपमध्ये (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात) रस्ता म्हणजे नोडच्या (नकाशावरच्या बिंदूंच्या) क्रमांकांची नुसती यादी, अक्षांश-रेखांश त्या-त्या नोडपाशी. आमच्या नव्या मॉडेलमध्ये ते थेट रस्त्याच्या नोंदीतच भरले तर काय बिघडेल?

भरा, फायदाच आहे. बहुतेक नोडवर एकही टॅग (तिथे काय आहे हे सांगणारी नोंद) नसतो, ते फक्त रेषेला वळण देतात. तरी प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि वेगळी आवृत्ती. मोठी फाइल वाचताना हे नोड हुडकण्यातच वेळ आणि मेमरी जाते.

बिघडतो तो जोड. आज दोन रस्त्यांच्या यादीत एकच नोड क्रमांक आला की मार्ग शोधणारा प्रोग्राम तिथे चौक आहे असे धरतो. क्रमांक काढून टाकले की उरते फक्त 'जागा एकच' ही खूण, आणि ती फसवी आहे. उड्डाणपुलाचा एखादा बिंदू खालच्या रस्त्याच्या बिंदूवर नेमका बसला, तर प्रोग्राम गाडीला पुलावरूनच खाली वळवेल. उलटही होते : कोणी एका रेषेतला चौकाचा बिंदू सरकवला, दुसरीतला तसाच राहिला, की सेंटिमीटरभर फट पडते. पडद्यावर रस्ता अखंड दिसतो, मार्ग मात्र सापडत नाही. असली चूक शोधायला फार जड जाते.

म्हणून आकारापुरते बिंदू रेषेत ठेवा. दोन रेषांत सामायिक असलेले आणि टॅग असलेले (सिग्नल, रेल्वे फाटक) नोड क्रमांकासह स्वतंत्र राहू द्या. जुना डेटा आणण्याआधी एकाच जागी वेगवेगळ्या क्रमांकांचे नोड कुठे आहेत त्याची यादी काढा आणि प्रत्येक ठिकाणी पूल आहे की दुबार नोंद, ते पाहा.

प्रश्न : अक्षांश-रेखांश किती दशांश स्थळांपर्यंत ठेवावेत?

सात. 1 कोटीने गुणून 32 बिटांच्या पूर्णांकात ठेवा. 180 अंशांचे 180 कोटी होतात आणि चिन्हासह मर्यादा सुमारे 214 कोटींची आहे, म्हणजे बसते. आठवे स्थळ घेतलेत की बसत नाही. सातव्या स्थळावर एकाचा फरक म्हणजे विषुववृत्तावर साधारण 1.1 सेंमी. 32 बिटांचा फ्लोट (दशांश संख्या साठवण्याचा प्रकार) मात्र टाळाच : 100 अंश रेखांशाच्या आसपास त्याच्या लागोपाठच्या दोन किमतींत विषुववृत्तावर सुमारे 85 सेंमीचे अंतर पडते. नोडचे क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून 64 बिटांचे ठेवा.

प्रश्न : बंद रेषा म्हणजे क्षेत्र (तळ्यासारखा भाग), असे धरले तर चालेल?

नाही. गोल फिरणारा रस्ताही बंद रेषाच असतो. आज हा निवाडा टॅग पाहून करावा लागतो, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर तो आपापल्या परीने करते. क्षेत्र हा वेगळा प्रकारच ठेवा : एक किंवा अधिक बाहेरची कडी (सीमेच्या बंद रेषा), आत बेटांची कडी. कडे बंद आहे का, स्वतःलाच छेदते का, हे जतन करतानाच तपासा. नाहीतर कोणी काठाचा एक तुकडा पुसतो आणि अख्खे तळे नकाशावरून गायब होते.